स्पर्श, कंप आणि संज्ञा : विद्युत्-जोडाच्या इतिहासाचे एक प्रकरण

१

विद्युन्मंडलाच्या आकृतीत तार रेषेने दाखवितात आणि जोड टिंबाने. टिंबाला लांबी नाही, रुंदी नाही. तेव्हा त्याला इतिहासही नसावा, असे कोणास वाटले तर ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र दोन धातू जेथे एकमेकांस टेकतात ती जागा मंडलातील सर्वांत चंचल जागा होय. यंत्र धडधडू लागले, वाहन खडबडीत रस्त्याने जाऊ लागले, की तारेपेक्षा जोडच आधी दगा देतो. आणि तोही बहुधा असा की, तपासावयास जावे तर दोष सापडू नये.

आज अभियंते ह्या दोषाचे कारण नेमके सांगू शकतात. कंपामुळे जोडाच्या दोन पृष्ठांत डोळ्यांस न दिसणारी मागेपुढे हालचाल होते. त्या हालचालीने पृष्ठे झिजतात, झिजेची पूड गंजते, आणि प्रवाहाची वाट हळूहळू बुजत जाते. कनेक्टरांच्या संदर्भात हे स्पष्टीकरण १९७० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाले. परंतु कंप आणि अर्धवट स्पर्श ह्यांचा संबंध त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे प्रयोगशाळांस ठाऊक होता. इतकेच नव्हे, तर दोन महत्त्वाची उपकरणे त्याच्याच जोरावर चालत होती. मग उपकरणात नांदणारे हे ज्ञान जोडाच्या दोषापर्यंत पोहोचावयास एवढा अवधी का लागला? ह्या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्याचे उत्तर अंशतः धातुशास्त्रात आहे, अंशतः अर्थकारणात आहे. पण काही अंशी ते संज्ञांतही आहे, असे दिसून येईल. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात शिरण्याचे समर्थन एवढेच.

२

१८७८ साली लंडन येथे डेव्हिड एडवर्ड ह्यूज ह्यांनी एक अत्यंत साधा प्रयोग करून दाखविला. दोन खिळे समांतर ठेवावयाचे, तिसरा खिळा त्यांवर नुसता आडवा टेकवावयाचा, आणि ह्या तिघांतून जाणाऱ्या मंडलात एक विद्युत्-घट व टेलिफोनचा श्रवणी जोडावयाचा. ज्या फळीवर हे खिळे ठेवलेले असत तिला यत्किंचित धक्का लागला, जवळ कोणी बोलले, तरी श्रवणीतून आवाज ऐकू येई. खिळ्यांच्या स्पर्शबिंदूवरील दाब कंपाबरोबर कमीअधिक होई, दाबाबरोबर तेथील रोध बदले, आणि रोधाबरोबर प्रवाह. पुढे ह्यूजनी खिळ्यांच्या जागी कोळशाच्या कांड्या वापरल्या.

ह्या उपकरणास त्यांनी 'मायक्रोफोन' म्हटले. हा शब्द त्यांनी घडविला नव्हता. चार्ल्स व्हीट्स्टन ह्यांनी १८२७ मध्ये क्षीण ध्वनी कानापर्यंत नेणाऱ्या एका यांत्रिक साधनास तो दिला होता, आणि त्या साधनाबरोबर तो विस्मृतीत गेला होता. ह्यूजनी जुना शब्द उचलला, पण त्याचा आशय पालटला. ही संज्ञा उपकरणाचे कार्य सांगते. ते कशाने घडते त्याविषयी ती मौन बाळगते. उपकरणाचा सारा जीव सैल स्पर्शात होता, परंतु 'सैल स्पर्श' हे शब्द नावात आले नाहीत. कोळशाच्या कणांचे प्रेषक ह्याच तत्त्वावर सुमारे शंभर वर्षे घरोघरच्या टेलिफोनांत राहिले. कण दाटून बसले आणि आवाज मंदावला, की यंत्र हातात घेऊन जरा आपटावे, म्हणजे ते पूर्ववत होई. हा उपाय वापरणाऱ्यांस सवयीने ठाऊक झाला होता.

१८७९ मध्ये ह्यूजना आणखी एक गोष्ट आढळली. दूर अंतरावर ठिणगी पडली तरी सैल स्पर्श असलेल्या मंडलातील श्रवणीत आवाज उमटे. श्रवणी कानास लावून ते ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालत गेले, आणि सुमारे ५०० यार्डांपर्यंत त्यांस संकेत ऐकू आले. फेब्रुवारी १८८० मध्ये रॉयल सोसायटीच्या धुरीणांनी हा प्रयोग पाहिला. त्यांपैकी जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स ह्यांनी तो ज्ञात विद्युत्-प्रवर्तनाचाच प्रकार असल्याचे मत दिले. ह्यूजनी तो विषय प्रसिद्ध केला नाही. १८९९ मध्ये तो सर्वांसमोर आला. तोवर हर्ट्झचे तरंग जगजाहीर झाले होते. नव्या घटनेस जुने नाव लागले म्हणजे ती पाहिली जाऊनही न पाहिल्यासारखी होते, ह्याचे हे पहिले उदाहरण.

३

दुसरे उपकरण कोहिअरर. १८९० साली पॅरिस येथे एदुआर ब्रान्ली ह्यांस असे आढळले की, काचेच्या नळीत भरलेल्या धातूच्या किसातून सामान्यतः प्रवाह जवळजवळ वाहत नाही; परंतु जवळपास विद्युत्-ठिणगी पडताच तो किस एकदम वाहक होतो, आणि तसाच राहतो. नळीला टिचकी मारली की वाहकता नाहीशी होते. ठिणगीने स्पर्श जुळतो, कंपाने तुटतो. जोडावर कंपाचा काय परिणाम होतो, ह्याचे ह्याहून स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

ऑलिव्हर लॉज ह्यांनी १ जून १८९४ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हर्ट्झच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात ह्या नळीचा उपयोग केला. अलेक्झांडर पोपोव्ह ह्यांनी १८९५ मध्ये विजेच्या घंटेचा टोलाच नळीवर उलट आपटेल अशी योजना केली. संकेत आला की घंटा वाजावी आणि त्याच टोल्याने नळी पुढील संकेतासाठी मोकळी व्हावी. मार्कोनींच्या यंत्रातही असाच टोला होता. बिनतारी संदेशवहनाची पहिली वर्षे अशा रीतीने एका सततच्या ठकठकीवर उभी होती. तेथे कंप हा दोष नव्हता, औषध होते.

ही ठकठक टाळावी म्हणून जगदीशचंद्र बोस ह्यांनी आपोआप पूर्वस्थितीस येणारा कोहिअरर तयार केला. लोखंड, पारा आणि लोखंड अशा स्पर्शाचे वर्णन असलेला त्यांचा निबंध १८९९ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात आला. बोस ह्यांनी अनेक धातू एकापाठोपाठ एक तपासले, आणि पोटॅशियमसारख्या काही पदार्थांत तरंगांमुळे रोध कमी होण्याऐवजी वाढतो असे दाखविले.

येथे नावांचा प्रश्न ऐरणीवर आला. 'कोहिअरर' ही संज्ञा लॉज ह्यांची. तिचे मूळ लॅटिन भाषेतील एकत्र चिकटणे ह्या अर्थाच्या क्रियापदात आहे. कण चिकटतात हा सिद्धान्त तीत आधीच गृहीत आहे. ब्रान्लींना तो मान्य नव्हता. त्यांनी 'रेडिओकंडक्टर' अशा अर्थाचा फ्रेंच शब्द योजिला. जर्मनांनी 'फ्रिटर' म्हटले. काचेचा वा मातीचा भुगा भाजून एकजीव करण्याच्या क्रियेवरून ते नाव आले. बोस ह्यांच्या मते चिकटण्याची कल्पनाच अपुरी होती, कारण ज्या पदार्थांत रोध वाढतो तेथे काय चिकटले म्हणावयाचे? १९०० सालच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'इलेक्ट्रिक टच' म्हणजे 'विद्युत्स्पर्श' हा शब्द घातला. चार नावे, आणि चारही नावांमागे चार उपपत्ती. त्यांपैकी बोस ह्यांचा शब्द सर्वांत व्यापक होता; तो एका नळीचे नाव नव्हता, तर दोन वाहकांच्या भेटीचे होता. तो रूढ झाला असता तर पुढे संयोजकांचा अभ्यास करणाऱ्यांना आपले पूर्वज सहज सापडले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु रूढ झाला तो 'कोहिअरर', आणि त्या उपकरणाचा वापर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मागे पडला तेव्हा त्याभोवतीचा सारा अनुभवही संग्रहालयात गेला. ब्रान्लीच्या घटनेकडे भौतिकशास्त्रज्ञ पुन्हा वळले ते अगदी अलीकडे. एरिक फाल्कों आणि बेर्नार कास्तें ह्यांनी पोलादी गोळ्यांच्या साखळीवर केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

४

दरम्यान दुसऱ्याच एका क्षेत्रात त्याच घटनेची दुसरी बाजू दिसू लागली होती. १९११ साली इंग्लंडमध्ये ईडन, रोझ आणि कनिंगहॅम ह्यांस पोलादाच्या श्रांतीच्या चाचण्या घेताना, जेथे नमुना पकडीत घट्ट आवळलेला असे तेथे तांबूस पूड साचलेली आढळली. १९२७ मध्ये जी. ए. टॉमलिन्सन ह्यांनी घट्ट टेकलेल्या पोलादी पृष्ठांच्या गंजण्याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि हा गंज निर्माण होण्यास पृष्ठांची परस्परसापेक्ष हालचाल आवश्यक असते, मग ती कितीही सूक्ष्म असो, असे दाखविले. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्मेन ह्यांनी मोटारींच्या बेअरिंगांचे कोडे सोडविले. नव्या गाड्या कारखान्यातून दूर पाठविल्या जात. स्वतः न चालताही वाटेतील हादऱ्यांनी त्यांच्या चाकांच्या बेअरिंगांत खळगे पडत.

ह्या घटनेस 'फ्रेटिंग कोरोजन' हे नाव मिळाले. त्याची व्युत्पत्ती लक्षणीय आहे. 'फ्रेट' हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील 'फ्रेतान' म्हणजे खाऊन टाकणे ह्यापासून आले; जर्मन 'फ्रेसेन' हे त्याचेच भावंड. त्यातील मूळ अंश संस्कृतातील 'अद्' धातूशी सजातीय असून आपला 'अन्न' शब्द त्याच धातूपासून झाला आहे. 'कोरोजन' ह्यातील लॅटिन क्रियापदाचा अर्थ कुरतडणे. म्हणजे ह्या जोडशब्दात खाण्याची क्रिया दोनदा आली. इंग्रजीत हेच 'फ्रेट' मनाच्या तळमळीसही लावतात. मराठीतही लोखंडाला गंज खातो आणि माणसाला त्याचे मन खाते. तेव्हा ही कल्पना आपल्यास परकी नाही.

परंतु हे नाव यंत्राभियंत्यांचे होते. त्यांना चिंता होती ती पोलादाच्या बळाची, रोधाची नव्हे. विद्युत्स्पर्शाचा अभ्यास निराळ्या वाटेने चालला होता. १९३९ मध्ये केंब्रिज येथील बाउडेन आणि टेबर ह्यांनी वाहकतेच्या मोजमापावरून सिद्ध केले की, सपाट दिसणारी दोन पृष्ठे फारच थोड्या ठिकाणी खरोखर टेकतात. पोलादाच्या बाबतीत खरे स्पर्शक्षेत्र दृश्य क्षेत्राच्या दहा हजारांश भागाहूनही कमी असू शकते. बर्लिन येथे सीमेन्समध्ये काम केलेले स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म ह्यांचा विद्युत्स्पर्शावरील जर्मन ग्रंथ १९४१ मध्ये निघाला. त्यांच्या विवेचनानुसार प्रवाहास काही सूक्ष्म ठिपक्यांतून आकसून जावे लागते. गोल ठिपक्याचा हा आकुंचन-रोध म्हणजे धातूचा विशिष्ट रोध भागिले ठिपक्याचा व्यास. ठिपक्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर त्याचा रोध निराळा. पुरेसा विद्युत्दाब दिला असता तो पापुद्रा फुटतो आणि धातूचा सूक्ष्म पूल तयार होतो. ह्या क्रियेस होल्म ह्यांनी 'फ्रिटिंग' म्हटले. हा जर्मन 'फ्रिटर'चाच वंशज होय.

अशा रीतीने 'फ्रेटिंग' आणि 'फ्रिटिंग' असे दोन शब्द, एका स्वराच्या फरकाने, एकाच टिंबाभोवती येऊन उभे राहिले. एकाचे मूळ खाण्यात, दुसऱ्याचे भाजण्यात. एक स्पर्श नासवितो, दुसरा जुळवितो. ब्रान्लीच्या नळीत ठिणगी आणि टिचकी ह्यांनी जे केले तेच दोन्ही बाजूंनी चालू होते. मात्र एक शब्द यंत्रशास्त्राच्या कोशात होता आणि दुसरा विद्युत्शास्त्राच्या.

५

ह्या दोन कोशांची गाठ घालून दिली ती सोन्याच्या भावाने. कमी दाबाच्या आणि अल्प प्रवाहाच्या मंडलांतील जोडांवर सोन्याचा मुलामा देण्याची प्रथा होती, कारण सोने गंजत नाही. न गंजणारे धातूही कंपापासून सर्वस्वी मुक्त नसतात, ही गोष्ट बेल प्रयोगशाळेतील हर्मान्स आणि ईगन ह्यांनी १९५८ मध्येच दाखविली होती. पॅलेडियमसारख्या धातूंची पृष्ठे सूक्ष्म घासली गेली म्हणजे हवेतील सेंद्रिय वाफांपासून तपकिरी पूड तयार होते, असे त्यांस आढळले होते. तथापि सोन्याने बहुतेक अडचणी झाकल्या होत्या. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्यातील परिवर्तन थांबविले. औंसामागे ३५ डॉलर हा दीर्घकाळ टिकलेला अधिकृत भाव इतिहासजमा झाला, आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरपर्यंत चढला. संयोजक बनविणारे स्वस्त धातूकडे, विशेषतः कथलाकडे वळले.

कथील म्हणजे आपल्याकडील कल्हईचा धातू. तो मऊ आहे, पण हवेत त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ, कठीण व ठिसूळ पापुद्रा धरतो. पिन खोबणीत बसविताना हा पापुद्रा फुटतो, त्याच्या भेगांतून ताजे कथील वर येते आणि स्वच्छ स्पर्श जुळतो. येथवर सर्व ठीक असते. परंतु त्यानंतर जोड जागच्या जागी हलू लागला, तर प्रत्येक हेलकाव्यात ताजा धातू उघडा पडतो, गंजतो, पुन्हा घासला जातो, आणि पूड साचत राहते. हालचाल काही मायक्रोमीटरपासून शंभरेक मायक्रोमीटरपर्यंत असली तरी पुरते. आणि ती केवळ यंत्राच्या कंपानेच होते असे नाही. निरनिराळे पदार्थ उष्णतेने कमीअधिक प्रसरण पावतात. म्हणून रोजच्या तापण्या-निवण्यानेही तोच परिणाम होतो. आरंभी काही मिलिओहम असलेला रोध शेवटी कित्येक ओहमांवर जातो. तत्पूर्वी क्षणभर, कधी मायक्रोसेकंदाच्या हिशेबात, संकेत तुटू लागतो.

एएमपी ह्या संयोजक-निर्मात्या कंपनीतील बॉक आणि व्हिटली ह्यांनी १९७४ मध्ये, विद्युत्स्पर्शावरील ज्या परिषदेस होल्म ह्यांचे नाव आहे तीत, विद्युत्-जोडांतील फ्रेटिंगवर निबंध वाचला. मॉर्टन अँट्लर ह्यांनी १९८५ मध्ये ह्या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. व्यवहारासाठी एएमपीने कथलाच्या वापराचे दहा नियम काढले, आणि बायबलातील दशाज्ञांच्या इंग्रजी नावातील 'टेन' शब्दावर श्लेष करून त्यांस 'टिन कमांडमेंट्स' हे नाव दिले. त्यांतील पहिलाच नियम असा की, जोड बसविल्यावर तो यांत्रिकदृष्ट्या स्थिर राहिला पाहिजे. पुढील नियमांत किमान १०० ग्रॅम दाब, वंगणाचा उपयोग, आणि कथलाची सोन्याशी जोडी न लावणे ह्या सूचना आहेत.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९७४ पूर्वी असे जोड बिघडत नव्हते काय? कथील, पितळ, तांबे ह्यांचे जोड पूर्वीही होते, आणि वाहनेही हादरत होती. बिघाड होत होता. त्यास नावही होते. ते नाव म्हणजे 'लूज कनेक्शन', आपल्या भाषेत ढिला जोड. आणि अडचण ह्या नावातच आहे. 'ढिला' हे विशेषण स्थिती सांगते तसेच कर्त्याकडेही बोट दाखविते: कोणी तरी आवळावयास हवे होते, ते आवळले नाही. कुरतडलेला जोड ढिला असतोच असे नाही. पिन खोबणीत नियमाप्रमाणे घट्ट बसलेली असते, बसविणाऱ्याने आपले काम चोख केलेले असते, आणि तरीही प्रवाह अडतो. कालाने आणि कंपाने घडलेल्या झिजेस हलगर्जीपणाचे नाव पडले, म्हणजे चौकशी धातूकडे जाण्याऐवजी माणसाकडे जाते.

ह्यात भर अशी की, तपासणीच पुरावा पुसून टाकते. कारागीर जोड उपसतो व पुन्हा बसवितो. त्या घासण्याने पूड बाजूस होते, ताजा धातू उघडा पडतो, आणि यंत्र चालू लागते. 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते. दुसरा मार्ग म्हणजे जोड न उपसता मापकाने रोध मोजणे. परंतु मापकाचा विद्युत्दाब पुरेसा असेल तर तो पापुद्रा फोडतो, म्हणजे फ्रिटिंग घडवितो, आणि काटा सर्व ठीक असल्याचे दाखवितो. रोगास स्पर्श करताच रोग लपतो. म्हणूनच अशा मोजमापासाठी खुल्या मंडलाचा दाब २० मिलिव्होल्टच्या आत ठेवण्याची प्रमाणित पद्धत आहे, आणि मोजमाप जोड उपसण्यापूर्वी करावयाचे असते.

ह्या दोन्ही गोष्टी ब्रान्लीच्या नळीपाशी बसलेल्या प्रयोगकर्त्यास नवलाच्या वाटल्या नसत्या. विजेचा झटका स्पर्श जुळवितो आणि हादरा तो मोडतो, हे त्याचे रोजचे काम होते. ज्ञान नष्ट झाले नव्हते. ते निराळ्या नावाने निराळ्या कपाटात ठेवले गेले होते. सोन्याच्या भावाने कारण पुरविले, सूक्ष्मदर्शकाने साधन पुरविले. परंतु 'ढिला' ह्या विशेषणाच्या जागी 'खाल्ला गेलेला' हे विशेषण येईपर्यंत प्रश्न योग्य रीतीने विचारलाच गेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीत ह्या घटनेस 'घर्षणजन्य गंज' म्हणता येईल. ही संज्ञा चुकीची नाही. पण घर्षण म्हटले की ठळक, सलग घासणे डोळ्यांपुढे येते, आणि ह्या घटनेचे वैशिष्ट्य असलेली सूक्ष्मता व पुनरावृत्ती निसटते. 'कुरतडणे' ह्या क्रियापदात दोन्ही आहेत. उंदीर एका घासात काही खात नाही. तो लहान लहान दात लावीत राहतो. 'कुरतडगंज' हा शब्द घडविला तर तो इंग्रजी संज्ञेच्या दोन्ही मूळ अर्थांशी जुळतो, कारखान्यातील माणसास न समजावता समजतो, आणि मुख्य म्हणजे तो जोड आवळणाऱ्या हातावर ठपका ठेवीत नाही. पारिभाषिक संज्ञा निवडताना अचूकतेचा आणि सुलभतेचा विचार आपण करतोच; त्या संज्ञेने दोष कोणाच्या पदरी पडतो, हाही विचार त्याच यादीत असावयास हवा.